अमेरिकेची महामंदी आणि दोन राष्ट्राध्यक्ष

शालेय इतिहासात १९२९ च्या जागतिक महामंदीला फार तर एक परिच्छेद मिळतो. अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, कारखाने बंद पडले, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना काही करता आले नाही आणि त्यांच्यामागून आलेल्या रूझवेल्ट यांनी ‘न्यू डील’ आणून देश सावरला, असा त्याचा आशय असतो. परीक्षेपुरते हे उत्तर ठीक आहे, गुणही मिळतात. परंतु घाबरलेली जनता संकटकाळी एका माणसाच्या हाती किती सत्ता देते, आणि दिलेली सत्ता परत घेण्याची वाट मोकळी राहते की नाही, हा त्यातला खरा प्रश्न त्या परिच्छेदात दडून जातो. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही त्याचा विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हर्बर्ट हूव्हर हे नाकर्ते किंवा निष्ठुर गृहस्थ नव्हते. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच ते आईवडिलांना पारखे झाले. नातेवाइकांकडे वाढले, स्वतःच्या हिमतीवर शिकले, खाण-अभियंता म्हणून जगभर नाव व पैसा मिळवला. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेला अन्न पोहोचवण्याचे प्रचंड काम त्यांनी केले. १९२८ ची निवडणूक त्यांनी ४४४ विरुद्ध ८७ निर्वाचक मतांनी जिंकली. इतका कर्तबगार माणूस राष्ट्राध्यक्षपदी क्वचितच आला असेल. पण जो माणूस स्वकष्टाने वर येतो, त्याला पुष्कळदा असे वाटते की, इतरांनीही तसेच वर यावे. हूव्हर यांचे नेमके तेच झाले. सरकारने थेट बेकारांच्या हाती पैसा दिला तर त्यांचा स्वाभिमान मरेल, शेजारधर्म, धर्मादाय संस्था आणि नगरपालिका यांनीच ते काम करावे, ही त्यांची श्रद्धा होती.

मार्च १९२९ मध्ये ते अधिकारावर आले आणि ऑक्टोबरात बाजार कोसळला. शेअरच्या किमती मोजणारा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता, तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. तरीही शेअर बाळगणारे लोक तसे थोडेच होते. सामान्य माणसाला खरा तडाखा बसला तो नोकऱ्या गेल्यामुळे आणि बँका बुडाल्यामुळे. १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला होता. शहरांच्या कडेला पत्रे, लाकडी खोकी आणि पुठ्ठे यांच्या झोपड्यांच्या वसाहती उठल्या. लोकांनी कुचेष्टेने त्यांना ‘हूव्हरव्हिल’, म्हणजे हूव्हरनगर, असे नाव दिले.

बँक कशी बुडते हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपण ठेवलेला पैसा बँक तिजोरीत बांधून ठेवत नाही. तो ती शेतकऱ्याला, दुकानदाराला, घर बांधणाऱ्याला कर्जाऊ देते, थोडी रोकड तेवढी हाताशी ठेवते. रोज दहा माणसे पैसे काढतात, दहा भरतात. व्यवहार सुरळीत चालतो. पण बँक बुडणार अशी हूल उठली आणि सारेच ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर चांगली बँकसुद्धा संध्याकाळपर्यंत कोसळते. यात ठेवीदाराला वेडा म्हणता येत नाही. दुसरे सगळे काढत असतील तर त्यानेही काढणेच शहाणपणाचे. प्रत्येकाचे शहाणपण मिळून सर्वांचे दिवाळे निघते, ही यातली गंमत आणि भीषणताही. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. त्या काळी ठेवींना देशव्यापी विमा नव्हता. आयुष्यभराची पुंजी एका दुपारी नाहीशी होत असे.

या मंदीची झळ आपल्याकडेही पोहोचली होती. शेतमालाचे भाव पडले, आणि १९३१ च्या अखेरीपासून पुढची काही वर्षे खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी विकलेले सोने मुंबई बंदरातून विलायतेकडे वाहत राहिले.

हूव्हर अगदीच स्वस्थ बसले होते असे नव्हे. १९३२ च्या आरंभी त्यांनी बँका व रेल्वे कंपन्या यांना कर्ज देण्यासाठी एक सरकारी महामंडळ काढले. टीकाकार म्हणू लागले की, बँकवाल्यांना सरकारी पैसा चालतो, तर उपाशी माणसाचाच स्वाभिमान कसा मरतो? या प्रश्नाला हूव्हर यांच्याजवळ पटणारे उत्तर नव्हते.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या हातून जे घडले, ते अमेरिकन जनता विसरली नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस मंजूर झाला होता. परंतु तो मिळणार होता १९४५ साली. बेकार झालेले हे माजी सैनिक म्हणू लागले, “तेव्हा नको, आज द्या.” हजारोंच्या संख्येने, कित्येक जण बायकामुलांसह, मालगाड्यांतून आणि पायी चालत ते राजधानी वॉशिंग्टनला आले आणि अॅनाकोस्टिया नदीकाठी तळ देऊन राहिले. प्रतिनिधिगृहाने त्यांच्या बाजूने विधेयक मंजूर केले. १७ जून रोजी सिनेटने ते फेटाळले. पुष्कळ जण परत गेले, पण जायला घरच नसलेले मागे राहिले. २८ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिकांना प्राणघातक जखमा झाल्या. मग सैन्य बोलावण्यात आले. सेनापती डग्लस मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन चाल केली. नदी ओलांडू नये असा हूव्हर यांचा निरोप असतानाही ते पलीकडे गेले आणि तळ पेटला. आपल्याच जुन्या सैनिकांच्या झोपड्या जळताना साऱ्या देशाने वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत पाहिल्या. आज्ञा मोडली ती सेनापतीने. परंतु हूव्हर यांनी त्याला जाहीरपणे दोष दिला नाही आणि सारा डाग आपल्या अंगावर घेतला. सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्याला हाताखालच्याचा अपराधही भोगावा लागतो, हे खरे. पण त्याला पाठीशी घातल्यावर तो अपराध आपलाच होतो, हेही तितकेच खरे.

नोव्हेंबर १९३२ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांनी ४७२ विरुद्ध ५९ मतांनी त्यांचा पराभव केला. रूझवेल्ट गर्भश्रीमंत घराण्यातले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९२१ साली, पोलिओने त्यांचे पाय गेले होते.

आता एक विचित्र अडचण उभी राहिली. त्या काळच्या नियमाप्रमाणे नवा राष्ट्राध्यक्ष ४ मार्चला अधिकार घेई. म्हणजे चार महिने हरलेला माणूस गादीवर आणि जिंकलेला बाहेर! फेब्रुवारीत मिशिगन राज्यातील सर्व बँका बंद कराव्या लागल्या आणि भीती राज्याराज्यांत पसरली. हूव्हर यांनी रूझवेल्टना पत्र लिहून काही जाहीर आश्वासने मागितली. ती दिली असती तर हूव्हर यांचेच धोरण पुढे चालवण्याचे वचन दिल्यासारखे झाले असते, आणि हूव्हर यांना हे पुरते ठाऊक होते. एका सिनेटरला त्यांनी तसे कळवलेही होते. रूझवेल्ट यांनी सहकार्य नाकारले. जुने धोरण आपल्या गळ्यात पडू द्यायचे नाही, हा त्यांचा हिशेब. इतिहासकार याबद्दल रूझवेल्टना फारसे बोल लावत नाहीत. मला मात्र हा त्यांच्या चरित्रातला उजळ भाग वाटत नाही. दोन मोठ्या माणसांच्या या ओढाताणीत सामान्य ठेवीदार भरडला गेला. ४ मार्च १९३३ च्या सकाळपर्यंत बहुतेक राज्यांतील बँका बंद तरी होत्या, नाहीतर पैसे काढण्यावर मर्यादा तरी आल्या होत्या.

शपथविधीनंतरच्या भाषणात रूझवेल्ट म्हणाले की, आपण भ्यावे असे काही असेल तर ते भय हेच आहे. हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. त्याच भाषणाच्या अखेरीस त्यांनी असेही बजावले होते की, गरज पडली तर परचक्र आल्यावर जेवढे अधिकार द्यावे लागतील तेवढे अधिकार मी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, मागेन. जमलेल्या लोकांनी या वाक्याला जोराने दाद दिली. त्यांच्या पत्नी एलिनॉर यांना ती दाद ऐकून भीती वाटली, असे नमूद आहे.

६ मार्चला, १९१७ च्या एका युद्धकालीन कायद्याचा आधार घेऊन, त्यांनी देशातील सर्व बँकांना ‘सुटी’ जाहीर केली. ९ तारखेला बँकविषयक आणीबाणीचा कायदा एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. कित्येक सभासदांना विधेयकाची छापील प्रतही मिळाली नव्हती. आश्चर्याची गोष्ट अशी की, ही योजना तयार करण्यात हूव्हर यांच्या अर्थखात्यातील माणसांचा मोठा हात होता. मावळते अर्थमंत्री ऑग्डेन मिल्स आणि त्यांचे सहकारी आपला पक्ष हरला तरी कामाला बसून राहिले. तीच माणसे, त्याच बँका, तीच तिजोरी! मग बदलले काय?

रविवार, १२ मार्चच्या रात्री रूझवेल्ट नभोवाणीवर बोलले. भाषण जेमतेम चौदा मिनिटांचे. बँकेत ठेवलेल्या पैशाचे काय होते, रांगा लागल्या की काय होते, उद्या कोणत्या शहरांतील बँका उघडतील, परवा कोणत्या, आणि आपली बँक उद्या उघडली नाही तर ती बुडालीच असे का समजू नये, हे त्यांनी शेजाऱ्याशी बोलावे तसे सांगितले. मोठमोठे शब्द नाहीत, कोणाला शिव्याशाप नाहीत. शिक्षक म्हणून मला हे भाषण एक उत्तम पाठ वाटते. दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या आणि पुन्हा रांगा लागल्या, पण त्या पैसे भरण्यासाठी! घरात दडवलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम महिनाअखेरीपर्यंत बँकांत परत आली. १५ मार्चला शेअरबाजार उघडला तेव्हा निर्देशांक एका दिवसात पंधरा टक्क्यांनी वर गेला.

याच मार्च महिन्यात जर्मनीतही लोक बेकार होते, भ्यालेले होते, आणि तिथेही एका नेत्याने विशेष अधिकार मागितले. २३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेने हिटलरला संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार दिला. त्या वेळी कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा परागंदा होते आणि सभागृहात हिटलरचे गणवेशधारी स्वयंसेवक उभे होते. हे दोन प्रसंग एकसारखे आहेत असे मी म्हणत नाही. परंतु दोन्हीकडचा भुकेला माणूस सारखाच होता. फरक पडला तो यामुळे की, अमेरिकेत घाईघाईने अधिकार देणारी काँग्रेस दुसऱ्या दिवशीही जागेवर होती. न्यायालय, विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रेही होती.

पुढील शंभर दिवसांत कायद्यांचा पाऊस पडला. त्या सगळ्यांची यादी इथे देत नाही. अठरा ते पंचवीस वर्षांच्या बेकार तरुणांना जंगलखात्याच्या कामावर महिना तीस डॉलर पगारावर घेतले आणि त्यातले पंचवीस थेट घरी पाठवले, ही योजना उत्तमच होती. उलट भाव वाढावेत म्हणून उभा कापूस नांगरून टाकला व साठ लाख डुकरे मारली, आणि तेही लोक उपाशी असताना! जूनच्या बँकिंग कायद्याने ठेवींना विमा मिळाला. सुरुवातीला मर्यादा २५०० डॉलर होती. आपल्याकडे ही व्यवस्था यायला १९६२ साल उजाडले, आणि तेही १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक व आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर. आपली मर्यादा तेव्हा १५०० रुपये होती. २०२० पासून ती पाच लाख झाली. पालकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९३५ साली ब्रुकलिनच्या काही कोंबडीविक्रेत्या बंधूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रूझवेल्टच्या एका मुख्य कायद्याला एकमताने घटनाबाह्य ठरवले, आणि पुढल्या वर्षी शेतीविषयक कायद्यालाही. १९३६ ची निवडणूक ५२३ विरुद्ध ८ अशी जिंकल्यावर रूझवेल्ट यांना वाटले की, आता आपल्याला कोण अडवणार? फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी विधेयक आणले. त्यात सत्तर वर्षांवरील प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा न्यायमूर्ती नेमून नऊचे पंधरापर्यंत करण्याची सोय होती. कारण दिले वृद्ध न्यायमूर्तींवरील कामाच्या भाराचे. ते कोणालाही खरे वाटले नाही. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे सुमारे तीन चतुर्थांश सभासद होते. तरीही २२ जुलैला ७० विरुद्ध २० मतांनी ते विधेयक समितीकडे परत पाठवून गाडण्यात आले. दरम्यान न्यायालयानेही आपला कल बदलला होता आणि वृद्धापकाळाच्या निर्वाहवेतनाचा कायदा उचलून धरला होता. त्याच वर्षी सरकारने खर्चाला कात्री लावताच मंदी पुन्हा उसळली. बेकारी खऱ्या अर्थाने हटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या कारखान्यांनी.

निर्वाहवेतनाच्या त्या १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय याच कामांत होते, आणि तिथे त्यांना मतदानही करू दिले जात नसे. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याविरुद्धच्या कायद्यालाही रूझवेल्ट यांनी जोर लावला नाही, कारण दक्षिणेच्या सिनेटरांची मते त्यांना इतर विधेयकांसाठी हवी होती.

पुढे १९४२ च्या फेब्रुवारीत, युद्धाच्या भीतीपोटी, त्यांच्याच सहीच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतील बहुतेक अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. शेते आणि दुकाने त्यांनी काही दिवसांत मिळेल त्या भावाने विकली. या वेळी काँग्रेसने हुकमाला साथच दिली, आणि १९४४ मध्ये न्यायालयानेही हुकूम वैध ठरवला. १९८८ साली अमेरिकन सरकारने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर देऊ केले. तोपर्यंत छावण्यांत राहिलेल्यांपैकी कित्येक लोक हयात नव्हते.