सेंडर आणि ‘ई’

करंजाड्यात सिडकोचे सेक्टर भरत गेले तशी इमारतींखाली किराणा दुकानंही वाढली. काउंटरवर बिस्किटाचा पुडा स्कॅनरपुढून जातो, बीप होतं, भाव उमटतो. हा स्कॅनर बहुतेक वेळा कीबोर्डचं सोंग घेतो: ८९० ने सुरू होणारे १३ आकडे एकेक करून ‘टाइप’ करतो आणि शेवटी एंटर मारतो. बिलिंगचा प्रोग्राम विंडोज फॉर्म्समधला असेल, तर दर आकड्याला की-प्रेस इव्हेंट घडतो आणि आकडा ‘ई’ नावाच्या पॅरामीटरमधून हाती पडतो. कळ दाबली गेली एवढी वर्दी काय कामाची? कोणती, तेही कळायला हवं.

१९८५ च्या विंडोज १.० मध्ये ही सोबतची माहिती दोन खणांत कोंबलेली असे: १६ बिटांचा डब्ल्यू-पॅरम आणि ३२ बिटांचा एल-पॅरम. माउसचं डावं बटण दाबलं की एल-पॅरमच्या एका अर्ध्यात आडवं अंतर, दुसऱ्यात उभं. शिफ्ट-कंट्रोल दाबलेलं आहे का, ते डब्ल्यू-पॅरममध्ये. दर मेसेजला, म्हणजे विंडोजने धाडलेल्या वर्दीला, मांडणी निराळी, ती प्रोग्रामरने पाठ करायची. पुढे ३२ बिटी विंडोज आलं आणि विंडोचा हँडलच, म्हणजे तिची ओळख सांगणारा आकडाच, दुप्पट रुंद झाला. ‘कमांड’ मेसेजमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्या नोटिफिकेशन कोडला एल-पॅरममध्ये जागाच उरली नाही. त्याचं बिऱ्हाड डब्ल्यू-पॅरममध्ये हलवावं लागलं. जुना कोड नव्यावर नेणाऱ्यांच्या डोक्याला ताप!

व्हिज्युअल बेसिकने १९९१ मध्ये ही कोंबाकोंबी झाकली. की-प्रेसला ‘की-ॲस्की’ हा आकडा मिळे, आणि तो शून्य केला की अक्षर उमटतच नसे. म्हणजे माहिती उलटही पाठवता येई. या सगळ्या वंशावळीत मला हीच युक्ती सर्वांत मोलाची वाटते.

१९९५ च्या डेल्फीने साध्या क्लिकलाही ‘सेंडर’ दिला: हे कोणत्या बटणामुळे घडलं ते सांगणारा. डेल्फीचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे त्यांनी सी-शार्प घडवली. तिच्यासोबत आलेल्या २००२ च्या डॉटनेटमध्ये सेंडर आलाच, जोडीला ‘ई’ आला, इव्हेंट-आर्ग्ज क्लासचा. मूळ क्लास जवळजवळ रिकामा. ज्याला काही पाठवायचं त्याने त्यावरून आपला क्लास काढायचा. फॉर्म बंद होताना ‘ई’मधलं कॅन्सल ट्रू केलं की फॉर्म उघडाच राहतो, व्हिज्युअल बेसिकचं ते उलट टपाल इथेही चालू राहिलं.

तक्रार एकच होती: दर नव्या इव्हेंटला क्लास लिहा, वर डेलिगेटही लिहा, म्हणजे इव्हेंट हाताळणाऱ्या फंक्शनचा, हँडलरचा, साचा. २००५ च्या जेनेरिक्सने, म्हणजे एकच साचा कोणत्याही टाइपसाठी वापरण्याच्या सोयीने, डेलिगेटचं काम वाचवलं. २०१२ च्या डॉटनेट ४.५ ने इव्हेंट-आर्ग्जवरूनच क्लास काढण्याची सक्तीही उठवली. आता नुसती स्ट्रिंग पाठवली तरी चालतं. मी मात्र अजून क्लासच काढतो. आज एका क्रमांकावर भागतं, उद्या त्याला तारीख जोडायला सांगतात, परवा युजरचं नाव. क्लासमध्ये प्रॉपर्टी वाढवली की जुन्या हँडलरांना हात लावावा लागत नाही.