मिरजेची वाट आणि साताऱ्याचा दरबार

आमच्या लहानपणी घरात ‘मिरजेला नेणे’ हा एक वेगळाच वाक्प्रचार होता. गावच्या वैद्याने हात टेकले, तालुक्याच्या डॉक्टरने मान हलवली, की वडीलधारी माणसे ओसरीवर बसून हळू आवाजात म्हणत, “आता मिरजेला न्यायला हवे.” माझी आजी मोतीबिंदूसाठी मिरजेच्या मिशन इस्पितळात गेली आणि परतल्यावर महिन्याभराने चष्मा लावून तांदूळ निवडू लागली. पुढे कितीतरी दिवस ती सांगे, “माझी जात कुणी विचारली नाही. कपाळाचे कुंकू पुसायला कुणी सांगितले नाही. सकाळी प्रार्थना तेवढी ऐकावी लागे.” मग थोडे थांबून विचारी, “पण का रे, ही माणसे एवढे करतात ते कुणासाठी?”

मला उत्तर देता येत नसे. आता वर्गात इतिहास शिकवताना तो प्रश्न वारंवार आठवतो. आमच्या सातारा-सांगली भागात ख्रिस्ती धर्म ज्या वाटेने आला, त्या वाटेवर तो पहिल्या दिवसापासूनच उभा आहे.

सन पाहा. १८४८ साली साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८४९ साली अमेरिकन मराठी मिशनने साताऱ्यात ठाणे मांडले. हे मिशनरी काही सरकारचे नोकर नव्हते. पण गादी गेली आणि पाठोपाठ पाद्री आले, हे पाहणाऱ्यांनी दोहोंची सांगड घातली, तर त्यांना दोष कसा द्यावा? पुढे शाळा निघाल्या, उपदेशक नेमले गेले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घरची दारे बंद होत. मग मिशनच्या पगाराखेरीज कित्येकांना आधार तरी कोणता होता? पण त्यामुळे ‘ख्रिस्ती म्हणजे मिशनचा माणूस’ हे समीकरण पक्के झाले. श्रद्धा खरी असली, तरी तिच्यावर पगाराची सावली पडली.

सांगलीकडे हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. सांगलीत काही काळ काढून त्यांनी पटवर्धनांची मिरज गाठली. मिरजेला रेल्वे होती. दूरदूरचे रोगी तिथे येऊ शकत. १८९४ साली इस्पितळ उघडले. त्याच्या जोडीला वैद्यकाचे शिक्षण आले, महारोग्यांसाठी आश्रय झाला, पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. वानलेसवाडी हे नाव त्यांचेच. १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, त्याच साली त्यांनी मिरज सोडली आणि १९३३ साली ते वारले. धर्माचा उपदेश त्यांनी कधी लपवला नाही; पण शस्त्रक्रियेची किंमत म्हणून श्रद्धा मागितली गेली नाही. माझ्या आजीसारखी असंख्य माणसे जशी गेली तशीच, पण बरी होऊन, घरी परतली.

तरीही देणारा साहेब आणि घेणारे आपण, हे नाते उरलेच. ते मोडायला आपल्यातलाच एक कवी पुढे आला.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. देवळातल्या साहेबी चालींच्या जागी त्यांनी भजन आणि कीर्तन आणले. मिशनची माणसे त्यांना मानीत, पगार चालू होता. पण १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी तो पगार सोडला आणि ते साताऱ्यास आले. असल्या संन्यासाचा पहिला घाव चुलीवर बसतो. लक्ष्मीबाईंनी तो कसा सोसला असेल, हे संसारी वाचकांना सांगायला नको.

साताऱ्यात टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही आपला भाऊ, मग त्याचे नाव चर्चच्या वहीत असो वा नसो.

वाचायला हे सोपे वाटते. पण ज्यांनी बाप्तिस्म्यापायी घर, वतन, आईच्या मांडीवरची जागा गमावली, त्यांच्यापैकी एखाद्याला वाटले असेल, ‘घरात राहूनही ख्रिस्ताचे होता येत होते, तर आम्ही एवढे कशासाठी सोसले?’ हे वाटणे गैर म्हणवत नाही. टिळकांच्या दाराचा उंबरठा त्यांनी जाणूनबुजून सखल ठेवला होता. उंच उंबरठा ओलांडून आलेल्यांच्या पायांना मात्र तो लागला असेल.

दरबार दोन वर्षेही पुरती टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि तो विसकटला. पण बी वाया गेले नाही. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. त्यात साहेबाने देशी माणसासारखे, देशी माणसाबरोबर राहावयाचे होते.

आजी आता नाही. असती तर मी तिला सांगितले असते, “कुणासाठी, हे मिरजेच्या डॉक्टरांनी हातांनी सांगितले आणि साताऱ्याच्या कवीने पगार सोडून.” एवढ्यावर तिचे समाधान झाले असते असे नाही. ती हिशेबाला पक्की होती.

तिचे नाव घातलेले एक पितळी ताट आमच्या घरी आहे. दिवाळीला ते फराळ घेऊन शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे जाते आणि नाताळात करंज्या घेऊन परत येते. मधल्या दिवसांत ते ताट कुणाच्या घरचे, हे आजवर कुणी विचारलेले नाही.