मेर्सेदेस आणि बंदिवानांची सुटका

‘मर्सिडीज’ म्हटलं की आपल्याला तीन टोकांची चांदणी आणि चाकणचा कारखाना आठवतो. नीसमध्ये राहून डाइम्लरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकने गाडीला आपल्या मुलीचं नाव दिलं आणि १९०२ मध्ये कंपनीने ते नोंदवून घेतलं. मुलगी व्हिएन्नात जन्मलेली, घराणं ज्यू. म्हणजे नावाचा मूळ ख्रिस्ती संदर्भ गाडीवर येण्याआधीच पुसट झाला होता. स्पेनमध्ये मात्र ‘मेर्सेदेस’ हे बायकांचं जुनं, घराघरातलं नाव. नावांच्या पुस्तकांत त्याचा अर्थ ‘दया’ असा एका शब्दात उरकलेला असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हे नाव एका गुणापेक्षा एका कामाचं आहे: समुद्रावर पकडल्या गेलेल्या माणसांना पैसे मोजून सोडवून आणण्याचं.

पहिला पुरावा व्याकरणाचा. ‘मेर्सेदेस’ अनेकवचनी आहे. नुसत्या गुणासाठी एकवचन पुरलं असतं. ‘पिलार’ म्हणजे खांब, ‘रोसारिओ’ म्हणजे जपमाळ. हे शब्द तर पुल्लिंगी, तरी मुलींना ठेवले जातात. याचं कारण, ही लांब नावांची उरलेली टोकं आहेत: मारिया देल पिलार, मारिया देल रोसारिओ, मारिया दे लास मेर्सेदेस. आपल्याकडे देवी एकच मानूनही गावोगावी तिची वेगळी रूपं आणि नावं असतात, तसंच येशूच्या आईचं. रोजच्या बोलण्यात ‘मारिया’ गळून पडली आणि रूपाचं नाव तेवढं राहिलं. पोर्तुगीजांनी हेच रूप गोव्यात आणलं; पणजीजवळच्या मेरशी गावाचं नाव तिथल्या याच मारियेच्या चर्चवरून पडलं.

या रूपाचं कार्य ठरलेलं होतं. परंपरा सांगते, की १२१८ मध्ये बार्सिलोनात पेद्रो नोलास्को यांनी तिच्या नावाने धर्मसंघ काढला. १२३५ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांवर इथे चौथं होतं: गरज पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहायचं. संघाचे साधू गावोगाव दानाचे पैसे गोळा करत, बंदिवान जिथे ठेवलेले असत त्या अल्जिअर्स किंवा ट्युनिसला जात आणि माणसामाणसाची किंमत घासाघीस करून ठरवत. ही किंमत केवढी असे, हे सेर्व्हान्तेसच्या उदाहरणावरून कळतं. ‘दोन किहोते’चा हा लेखक पाच वर्षं अल्जिअर्सला कैदेत होता आणि १५८० मध्ये पाचशे एस्कुदो भरल्यावर सुटला. त्याला सोडवणारे साधू ट्रिनिटेरियन या दुसऱ्या संघाचे होते, पण त्यांच्या कामाची रीत हीच.

कुणी म्हणेल, मुळातला लॅटिन शब्द मजुरीचा, किमतीचा. दयेचा अर्थ मागून चिकटला. मला ही हरकत उलट उपकारक वाटते, कारण खंडणी भरून सोडवण्यात किंमत आणि दया एकाच व्यवहारात येतात. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. ही दया आपल्याच धर्माच्या माणसांपुरती होती. स्पेनच्या गलबतांवर मुसलमान कैदीही वल्ही मारत होते आणि त्यांच्यासाठी हे साधू फिरत नव्हते. ते मान्य केलंच पाहिजे. मात्र त्यामुळे नावाचा उगम बदलत नाही, त्याची मर्यादा कळते.

तिसरी शंका अशी, की मुलीचं नाव ठेवताना आईबापांच्या मनात कुठले बंदिवान? आजीचं नाव चालवायचं असतं, किंवा १८७८ मध्ये लग्नानंतर पाच महिन्यांत, नुकतीच अठरा वर्षांची होऊन वारलेल्या स्पेनच्या मेर्सेदेस राणीची हळहळ असते. व्यक्तीपुरतं हे खरं आहे. पण नावाचा अर्थ समाजाच्या रिवाजातही साठलेला असतो. या मारियेचा सण २४ सप्टेंबरला. मेर्सेदेस नावाच्या बायकांचा नामदिनही तोच. १९३९ मध्ये, यादवीत हरलेल्यांनी हुकूमशहा फ्रँकोचे तुरुंग खच्चून भरलेले असताना, सरकारने तिलाच तुरुंगखात्याची आश्रयदात्री ठरवलं. सोडवणारीला कोंडणाऱ्यांच्या पदरी बांधणं क्रूरच होतं. तरी निवड तिचीच झाली, कारण सातशे वर्षांनंतरही स्पेनमध्ये हे नाव घेतलं की कैदी आठवत होते.