ग्रॉस–पिताएव्हस्की समीकरणाच्या अनेक उकली

ग्रॉस–पिताएव्हस्की समीकरण हे अतिशीत अणूंच्या बोस–आइनस्टाइन संघनिताचे वर्णन करणारे अरेषीय तरंग समीकरण आहे. युजीन ग्रॉस व लेव्ह पिताएव्हस्की यांनी ते १९६१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. अणूंना धरून ठेवणारा सापळा तोच असूनही या समीकरणाच्या अनेक स्थिर उकली असू शकतात. त्या संगणकाच्या साहाय्याने शोधणे हा संख्यात्मक विश्लेषणातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधील कार्याच्या आधारे अल्बर्ट आइनस्टाइन यांनी अशा संघनिताचे भाकीत केले. १९९५ मध्ये एरिक कॉर्नेल व कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे, तर वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमचे संघनित मिळवले. या तिघांना २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर) येथे अतिशीत अणूंवर प्रयोग झाले आहेत.

उकलींचे प्रकार

अणूंमधील परस्परक्रिया नसल्यास हे समीकरण श्रोडिंगर समीकरणासारखे रेषीय होते. परस्परक्रियेमुळे त्यात घनतेवर अवलंबून असलेले पद येते. त्यामुळे दोन उकलींची बेरीज ही उकल असेलच असे राहत नाही. न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेखेरीज घनतेत काळी रेघ दाखवणारे गडद सॉलिटॉन, वलयाकार सॉलिटॉन, भोवरे, तसेच विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या भोवऱ्यांच्या जोड्या अशा उकली आढळतात. रासायनिक विभव वाढवत नेल्यास एका उकलीपासून दुसरीची शाखा फुटते. द्विमितीय सापळ्यात भोवऱ्यांची जोडी गडद सॉलिटॉनच्या पट्ट्यापासून अशीच निर्माण होते.

न्यूटन पद्धतीची मर्यादा

न्यूटन पद्धतीत प्रारंभिक अंदाज घेऊन तो पायरीपायरीने सुधारला जातो. प्रत्येक अंदाजातून फार तर एक उकल मिळते आणि वेगवेगळे अंदाज पुन्हा त्याच उकलीकडे जाऊ शकतात. त्यामुळे ज्या अवस्थेची पूर्वकल्पना नाही ती निसटण्याचा संभव असतो.

वगळण पद्धत

सापडलेली उकल समीकरणातून वगळण्याच्या पद्धतीस डिफ्लेशन म्हणतात. उदाहरणार्थ, क्ष³ − क्ष = ० याचे शून्य हे मूळ सापडल्यावर क्षने भागल्यास क्ष² − १ = ० उरते; त्यातून शून्य पुन्हा मिळू शकत नाही, मात्र १ व −१ मिळतात. आंशिक विकलक समीकरणांत ज्ञात उकलीपासूनच्या अंतराच्या व्यस्त घातात १ मिळवून त्या गुणकाने समीकरण गुणले जाते. ज्ञात उकलीजवळ हा गुणक अतिशय मोठा होतो, दूर मात्र जवळजवळ १ राहतो. त्यामुळे त्याच प्रारंभिक अंदाजातून नवी उकल मिळू शकते. पॅट्रिक फॅरेल, अस्गेर बिर्किसन व सायमन फुंके यांनी २०१५ मध्ये ही पद्धत आंशिक विकलक समीकरणांसाठी विकसित केली. पुढे ती द्विमितीय व त्रिमितीय ग्रॉस–पिताएव्हस्की समीकरणास लावण्यात आली.

तरंगफलाची कला सर्वत्र सारखीच बदलल्यास भौतिक अवस्था तीच राहते. अशा दिखाऊ नव्या उकली टाळण्यासाठी अंतर तरंगफलांऐवजी घनतांमध्ये मोजले जाते.

मर्यादा

सर्व उकली सापडल्याची हमी ही पद्धत देत नाही. सापडलेली प्रत्येक उकल प्रयोगशाळेत टिकेलच असेही नाही. त्यासाठी बोगोल्युबोव्ह पद्धतीने सूक्ष्म विचलनांचा अभ्यास करून तिचे स्थैर्य तपासावे लागते.