स्त्रीबीजाचा अवधि

अंडाशयांतून काढलेलें अपक्व स्त्रीबीज काचपात्रांत १२ तासांच्या आंत पक्व होतें, असें अमेरिकन शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनीं १९३९ सालीं सांगितलें. सशाचें होतें, तसें माणसाचेंही! इंग्लंडांत रॉबर्ट एडवर्ड्स यांनीं तितक्या वेळानें पाहिलें, तों बीज जसेंच्या तसें. ते अवधि वाढवीत गेले. ३६ तासांच्या सुमारास तें पक्व होतें, हें १९६५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. उणीव होती ती केवळ धीराची! देहाबाहेर गर्भधारणा झालेली पहिली मुलगी १९७८ सालीं जन्मली. तिचें बीज मात्र मातेच्या देहांतच पिकलेलें होतें. काचपात्रांत पिकविलेल्या बीजांपासून तिळ्या मुली झाल्याचें वृत्त कोरियन डॉक्टरांनीं १९९१ सालीं दिलें. संप्रेरकांचीं इंजेक्शनें ज्यांना धोक्याचीं, अशा स्त्रियांस आज हा मार्ग खुला आहे.