एक म्हणणे, अनेक श्रोते : जोतीराव फुले यांची मांडणी

१. अज्ञान हे शूद्रातिशूद्रांच्या दास्याचे मूळ आणि विद्या हा त्यावरील उपाय, हे महात्मा जोतीराव फुले यांचे आयुष्यभराचे म्हणणे. पण निरक्षर शेतकरी, इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक या सर्वांना ते एकाच भाषेत कसे पटावे? या मालिकेत जोतीरावांनी श्रोत्यागणिक केलेली मांडणी पाहू.

२. १८५५ : ‘तृतीय रत्न’ हे नाटक. भोळ्या कुणबी दांपत्याला जोशी कसा नाडतो, हे त्यात दिसते. अक्षरशत्रू प्रेक्षकासाठी नाटक हे योग्यच माध्यम. परंतु ते सादर झाले दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे, आणि कमिटीने ते नाकारले. ज्यांच्यासाठी लिहावे ते एक आणि निवाडा करणारे दुसरेच, ही अडचण येथे प्रथम दिसते.

३. १८६९ : शिवाजी महाराजांवरील पवाडा. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून लांबलचक संस्कृत शब्द टाळल्याचे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले. इतिहासाची नवी मांडणी त्यांनी लोकांच्या कानाला सवयीच्या असलेल्या छंदातून केली.

४. १८७३ : ‘गुलामगिरी’. एकाच पुस्तकाला दोन दारे. प्रस्तावना इंग्रजीत, राज्यकर्त्यांना समजेल अशी. ग्रंथ मराठीत, धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादरूपाने. अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना. जातिव्यवस्थेचा प्रश्न त्यांनी अशा रीतीने जगाच्या पटावर नेला.

५. १९ ऑक्टोबर १८८२ : हंटर शिक्षण आयोगापुढील इंग्रजी निवेदन. येथे ना पवाडा, ना उपहास. आधी शाळा चालविल्याचा स्वतःचा अनुभव, मग हिशेब : महसूल रयतेच्या घामाचा, खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यानंतर नेमक्या मागण्या : किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, मोडी व बाळबोध वाचन-लेखन, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि प्रसंगी नांगर धरू शकणारे शिक्षक.

६. १८८३ : ‘शेतकऱ्याचा असूड’. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबविली. स्वपक्षीय संपादकालाही ती भाषा जड गेली. जोतीरावांनी मात्र तो ग्रंथ मुंबई, पुणे, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला.

७. १८८८ : पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. येथील उंची वस्त्रे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत पाहावी, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. शब्दांपूर्वी वेषच बोलून गेला.

८. फलित काय? आयोगाने सक्तीची शिफारस केली नाही. १८९० मध्ये जोतीराव निवर्तले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण बडोदा संस्थानभर १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी १९१७ मध्ये आले. उत्तम मांडणीमुळे निर्णय आपल्या हयातीत बदलेलच, असे नाही.

९. तरीही मुलांच्या शाळेचा प्रश्न त्यांनी पवाड्याच्या छंदात आणि सरकारी हिशेबाच्या भाषेत सारख्याच निष्ठेने मांडला. श्रोता पाहून त्यांनी भाषा बदलली, पुरावा बदलला, प्रसंगी पोशाखही बदलला. श्रोत्याला रुचावे म्हणून मागणी मात्र कधी सौम्य केली नाही. साहेबापुढे एक आणि शेतकऱ्यापुढे दुसरेच बोलणाऱ्यांहून जोतीराव वेगळे ठरतात ते येथे.