धाव ओझ्याची

आमच्या लहानपणी दिवाळी सरत आली की गावच्या लोहाराच्या दारात बैलगाड्यांची रांग लागे. पुढे ऊस वाहावयाचा असे. त्याआधी चाकांच्या सैल झालेल्या धावा पुन्हा बसवून घ्यावयाच्या असत. लोहार गोवऱ्यांच्या आगटीत लोखंडी धाव लाल करी, दोघेतिघे ती सांडशीने उचलून लाकडी चाकावर ठोकीत आणि वरून पाण्याच्या घागरी ओतीत. चर्र असा आवाज होई, वाफेचा लोट उठे आणि निवता निवता आक्रसणारी ती धाव आरे आणि तुंबा घट्ट आवळून टाकी. नवी धाव घ्यावयाची झाली की लोहार आधी विचारी, “यंदा ओझे काय ओढणार?” आमचे वडील म्हणत, धाव गाडी पाहून घेऊ नये, ओझे पाहून घ्यावी.

हे सारे मला आठवले ते २०२४ च्या जून महिन्यात, अमेरिकेतील टेक्सास राज्यात, लेकीच्या घरासमोरच्या अंगणात. जावईबापूंनी नुकताच एक जुना ट्रेलर विकत घेतला होता. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यावयाचे चाकांवरचे घरच! आत बिछाने, चूल, मोरी, सारे काही. तो आपल्या पिकअप ट्रकला जोडून आम्हां दोघा म्हाताऱ्यांसह व दोन्ही नातवंडांसह कोलोरॅडोच्या डोंगरांत जावयाचा त्यांचा बेत होता. प्रश्न राहिला होता तो ट्रकच्या टायरांचा.

“नक्षी अजून चांगली आहे, बाबा. प्रवास करून आल्यावर बदलू,” जावईबापू म्हणाले. ट्रेलरने घरची गंगाजळी बरीच उपसली होती. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पण मी वाकून टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचली. अखेरीस चार आकडे होते : २२१६. म्हणजे टायर २०१६ सालच्या बाविसाव्या आठवड्यात घडलेला. आठ वर्षांचा! टायरला जन्मपत्रिका असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सन २००० पासून हे चार आकडे अशा रीतीने छापले जातात. रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन आणि हवा त्याला आतून चिरा पाडतात. म्हणूनच कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलावे असे सांगतात, आणि काही टायर कंपन्या दहा वर्षांची शेवटची मर्यादा घालतात.

या रबराची कथा मोठी विलक्षण आहे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडकून जाई. चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने ते टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले, पण सुख मिळाले नाही. १८६० मध्ये तो कर्जबाजारी स्थितीतच वारला. हवेच्या चाकाचीही कथा अशीच. रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ मध्येच त्याचे पेटंट घेतले आणि लंडनच्या बागेत घोड्यांच्या गाड्यांना ती चाके लावूनही दाखविली. लोक विसरून गेले. पुढे बेलफास्ट येथील जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे धक्के कमी व्हावेत म्हणून हवा भरलेली रबरी नळी चाकाला गुंडाळली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. टॉमसनचा जुना दाखला निघाल्यावर ते रद्द झाले. नाव मात्र डनलॉपचेच जगभर झाले. पुढे आपल्याकडच्या बैलगाडीलाही हवेची चाके आली आणि लोखंडी धावेचा खडखडाट रस्त्यांवरून कमी होत गेला. एका बापाने लेकराच्या हाडांना धक्का बसू नये म्हणून केलेली ही खटपट, हे मी जावईबापूंना मुद्दाम सांगितले.

मोटारीमागे घर ओढण्याची हौस अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर बळावली. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे अशा भटक्या कुटुंबांनी आपला एक संघच काढला. ‘टिन कॅन टूरिस्ट’ हे त्याचे गमतीचे नाव. १९३६ मध्ये वॉली बायम यांचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आला. १९५९ मध्ये याच बायमनी ट्रेलरांचा तांडा घेऊन केपटाउनहून कैरोकडे प्रयाण केले. इकडे फ्रान्समध्ये मिशेलँ कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतले दोर आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. टायर कमी तापतो, अधिक टिकतो. आजचे बहुतेक टायर याच जातीचे.

पण तापणे ही टायरची जन्माची खोड आहे. हवा कमी आणि ओझे जास्त झाले की टायरची बाजू दर फेऱ्याला अधिक वाकते, वाकण्यातून उष्णता होते आणि उष्णतेने थर सुटू लागतात. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांतील बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. वेगात नक्षीचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या. अडीचशेहून अधिक माणसे दगावल्याची नोंद झाली. टायरात दोष होताच. पण गाडीच्या कंपनीने सांगितलेली २६ पौंड हवा पुरेशी होती की ३० हवी होती, यावरही मोठा वाद माजला. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला, आणि त्यातूनच पुढे हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा मोटारींत सक्तीचा झाला.

हे ऐकून जावईबापू गंभीर झाले. “मग वडिलांच्या रीतीने आधी ओझेच पाहू,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेलर पुरता भरून वजनकाट्यावर नेला. कागदावर २३०० किलो असलेला तो गडी प्रत्यक्षात २७५० भरला! दीडशे लिटर पाणी म्हणजेच दीडशे किलो; शिवाय सायकली, भांडी आणि लेकीने घेतलेली डाळतांदळाची पोती! अशा ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर पडावा असा दंडक आहे. कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. म्हणजे येथे पावणेतीनशे ते चारशे किलो. ही जोडणी मागच्या आसाच्याही मागे असल्याने तरफेप्रमाणे मागच्या चाकांवर त्याहूनही अधिक भार येतो.

ट्रकवरचे जुने टायर ‘पी’ अक्षराचे, म्हणजे साध्या मोटारीच्या जातीचे होते. त्यांवर ११३ हा भारांक होता, म्हणजे प्रत्येकी ११५० किलो. पण असे टायर ट्रकला लावले तर त्या आकड्याला १.१ ने भागावे लागते, उरतात १०४५. ‘एलटी’ अक्षरांचे, हलक्या ट्रकसाठीच घडविलेले टायर असतात. त्यांतील ‘ई’ श्रेणीच्या १२१ भारांकाचा टायर १४५० किलो पेलतो. त्याची बाजू कणखर असल्याने ट्रेलर ओढताना गाडी कमी डुलते. पण त्याला हवा जास्त लागते, पेट्रोल थोडे अधिक जळते आणि रिकाम्या गाडीत अंग खिळखिळे होते. शिवाय टायर थोर झाला म्हणून ट्रकची शक्ती वाढत नाही. दारावरच्या पट्टीवर लिहिलेली मर्यादा तीच राहते. आमचा भार तीत बसत होता, म्हणून ‘एलटी’ ठरले.

“मागचे दोनच घेतले तर?” जावईबापूंनी हळूच विचारले. पुढे एक जात आणि मागे दुसरी असली की वळणावर गाडी दोन मनांची होते. लेकीने चारांचे पैसे मोजले आणि परतल्यावर घ्यावयाचे नवे सोफे पुढे ढकलले.

कारागिराने जुना टायर उतरवून बोटाने वाकविला. चांगल्या दिसणाऱ्या नक्षीच्या कडेला बारीक चिरांची जाळी उघडी पडली. जावईबापू बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग मागे बसून हसणाऱ्या नातवंडांकडे त्यांनी पाहिले. बोलले काही नाहीत.

रोज पहाटे, टायर थंड असताना, हवा मोजण्याचे काम मी मागून घेतले. धाकटा नातू पौंडांचे आकडे वहीत लिहून ठेवी. कोलोरॅडोचे घाट चढलो, उतरलो आणि सुखरूप परत आलो. ती वही मी येताना मागून आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्याने मोडक्या मराठीत लिहिले आहे : “आजोबांची धाव.”